आमटीतली हळद आणि बाटलीतली हळद : सांगली जिल्ह्यातल्या एका काविळीचा अभ्यास

मिरज तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातील ५२ वर्षांच्या शेतकरी बाईंना जानेवारीच्या अखेरीस कावीळ झाली. दारूचा संबंध नाही, विषाणूंच्या तपासण्या सगळ्या निगेटिव्ह, पित्ताशयात खडे नाहीत. कारण शेवटी सापडलं ते गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या कर्क्युमिन आणि पायपरीनच्या कॅप्सूलमध्ये. घर हळदीचं, चार पिढ्या हळद पिकवणारं. निदान ऐकल्यावर घरातल्यांचा विश्वास बसेना, आणि तो का बसत नाही हे समजून घेणं मला निदानाइतकंच महत्त्वाचं वाटलं. रुग्ण आणि कुटुंबाच्या संमतीने हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काय घडलं

काकूंचे गुडघे गेली पाच-सहा वर्षं दुखतात. वजन ६१ किलो. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपीनची एक गोळी चार वर्षांपासून चालू. मधुमेह नाही. मिश्री लावतात, दुसरं व्यसन नाही. दुखणं वाढलं की गावातल्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी आणायची आणि संपेपर्यंत खायची, अशी सवय पडलेली. दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीला ती खटकली. या गोळ्यांनी किडनीवर परिणाम होतो, पोटात जखमा होतात, हे तिला ठाऊक होतं आणि ते खरंही आहे. पुण्याला परतल्यावर तिने आईवडिलांसाठी कर्क्युमिनच्या बाटल्या ऑनलाइन मागवून गावी पाठवल्या. आईला अपाय होऊ नये म्हणूनच तिने हे केलं होतं, हे पुढचं सगळं वाचताना ध्यानात ठेवावं.

एका कॅप्सूलमध्ये हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, त्यात कर्क्युमिनॉइड्स ९५ टक्के, आणि जोडीला ५ मिलिग्रॅम पायपरीन, म्हणजे काळ्या मिरीचा तिखटपणा ज्यामुळे येतो ते द्रव्य. दिवसातून दोन घ्यायच्या. परवाना अन्नसुरक्षेचा, औषधाचा नव्हे. 'औषधी वापरासाठी नाही' ही ओळही बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली. पुढच्या बाजूला मात्र सांध्याचं चित्र.

नोव्हेंबरच्या मध्याला काकूंनी आणि त्यांच्या यजमानांनी कॅप्सूल एकाच दिवशी सुरू केल्या. काकूंच्या गुडघ्यांना तीन आठवड्यांत उतार पडला आणि डायक्लोफेनॅक पूर्ण बंद झालं. हा उतार मी मुद्दाम नोंदवतो, कारण तो भास म्हणून सोडून देता येत नाही. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गुडघ्याच्या झिजेवर हळदीच्या अर्काने चार आठवड्यांत आयबुप्रोफेन या वेदनाशामकाच्या तोडीचा आराम दिला होता. ज्या द्रव्याचा शरीरावर असा परिणाम होतो, त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो, हे मान्य करावं लागतं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अंगातलं त्राण गेलं. जेवणावरची वासना उडाली, सकाळी मळमळ. हे हळद काढणीचे दिवस. पाला कापायचा, गड्डे खणायचे, माती झाडून हळकुंडं मोडायची, शिजवायची, वाळत घालायची. घरातलं प्रत्येक माणूस दमलेलं. काकूंचा थकवा कामाच्या खात्यावर जमा झाला. अंग खाजत होतं, ते हळदीच्या पाल्यामुळे असेल म्हणून सोडून दिलं. तळहात पिवळे दिसत होते, पण या हंगामात गावात पिवळे नसलेले तळहात शोधावे लागतात. सुनेने एक दिवस उजेडात त्यांचे डोळे पाहिले आणि लघवीचा रंग विचारला, तेव्हा कावीळ ध्यानात आली.

पुढे जे झालं ते मला या प्रकरणातलं सगळ्यात बोलकं वाटतं. कावीळ म्हटल्याबरोबर जुन्या रीतीप्रमाणे काकूंच्या ताटातून तेल आणि हळद बंद झाली. आमटी पांढरी, भाजी पांढरी. कॅप्सूल मात्र सकाळ-संध्याकाळ आणखी पाच दिवस चालू राहिली, कारण ती गुडघ्याची होती. शेजारच्या गावातून काविळीचं झाडपाल्याचं औषधही तीन सकाळी घेऊन झालं. मग गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि आकडे पाहून त्याच दिवशी आमच्याकडे धाडलं. त्यांच्या या घाईचा पुढे फार उपयोग झाला.

तपासणीत काय दिसलं

बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंगात साचणारं पिवळं द्रव्य, ९.६ मिलिग्रॅम, एसजीपीटी ११८४, एसजीओटी ९०२, अल्कलाइन फॉस्फेटेज १६८. हे आकडे कसे वाचायचे ते थोडक्यात सांगतो. एसजीपीटी यकृताच्या पेशींच्या आत असतं. पेशी फुटल्या की रक्तात येतं. अल्कलाइन फॉस्फेटेज पित्तनलिकांकडून वाढतं. दोन्ही आपापल्या वरच्या मर्यादेच्या किती पट आहेत ते काढून एकाला दुसऱ्याने भागायचं. आमच्या प्रयोगशाळेत मर्यादा ४० आणि १२०. म्हणजे २९.६ भागिले १.४, उत्तर २१. हे उत्तर ५ किंवा त्याहून जास्त आलं तर मार पेशींना बसला आहे, पित्ताचा मार्ग तुंबलेला नाही. सोनोग्राफीनेही तेच दाखवलं: यकृत किंचित सुजलेलं, पित्तनलिका मोकळ्या, खडे नाहीत.

औषधाने पेशींना इजा झाली आणि बिलिरुबिन मर्यादेच्या दुपटीपुढे गेलं, तर अशा दहा रुग्णांमागे साधारण एकाचं यकृत निकामी होण्याचा धोका असतो. अमेरिकी यकृततज्ज्ञ हायमन झिमरमन यांच्या निरीक्षणावरून औषधशास्त्रात हा नियम रुळला. काकू चालत आल्या होत्या, बोलत होत्या, तरी दाखल करून घेतलं ते यासाठी. रक्त गोठण्याचा आयएनआर १.३ होता. तो रोज पाहायचा, आणि झोप उलटी झाली, बोलण्यात चूक व्हायला लागली, हात थरथरले तर लगेच सांगायचं, असं सुनेला समजावलं.

हिपॅटायटिस ए आणि ई चे आयजीएम, बी चं सरफेस अँटिजेन, सी ची अँटिबॉडी: सगळं निगेटिव्ह. नदीकाठच्या गावात ई चा संशय आधी घ्यायचा असतो, म्हणून ती तपासणी आठवड्याने पुन्हा केली, तीही निगेटिव्ह. एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी, अगदी कमी पातळीत पॉझिटिव्ह, पण आयजीजी या रक्तातल्या अँटिबॉडींची पातळी नॉर्मल. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटण्याचा जो आजार असतो त्याचं चित्र यातून पूर्ण होत नव्हतं. तरी तो प्रश्न मी उघडा ठेवला.

विचारपूस

"औषधं कोणती चालू आहेत?" याचं उत्तर आलं, "बीपीची एक गोळी. दुसरं काय न्हाई." घरातले चारही जण तिथे होते आणि चौघांनी मान डोलावली. कुणी काही लपवत नव्हतं. त्यांच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेलं, नाहीतर मेडिकलमधून आणलेलं.

अशा वेळी प्रश्न वस्तूंवर आणावा लागतो. काढा घेता का? गुळवेल? कोरफडीचा, कारल्याचा रस? वजन कमी करायची पावडर? केसांसाठी काही? कुणी बाटली, डबी, सॅशे आणून दिलंय का? गुळवेलीचं नाव मी मुद्दाम घेतो. कोविडच्या काळात गावोगाव गुळवेलीचे काढे उकळले गेले, आणि सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान मुंबईत सहा रुग्णांमध्ये त्यानंतर यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला होता; पण प्रश्न विचारायचा राहू नये एवढं तरी त्या वादाने शिकवलं.

सॅशे म्हणताच सून म्हणाली, "आत्यांच्या हळदीच्या कॅप्सूल आहेत की, ताईंनी पाठवलेल्या." काकूंना ते पटलं नाही. "आगं ती हळदच हाय, औषध कुठं हाय ती?" संध्याकाळी यजमान बाटली घेऊन आले. काकूंनी त्या दिवशी सकाळचीही कॅप्सूल घेतली होती.

बाटली सापडली म्हणून कारण सापडलं असं होत नाही. बाकीचे संशयित एकेक करून तपासावे लागतात. पहिलं डायक्लोफेनॅक, कारण त्याने यकृताला इजा होते हे अनेक वर्षांपासून ठाऊक आहे. घरातली शेवटची अर्धी पट्टी आणि मेडिकलवाल्याची आठवण जुळवली, तर शेवटची गोळी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली निघाली. लक्षणं त्यानंतर सहा आठवड्यांनी सुरू झाली. पेशींची इजा औषध थांबल्यावर पंधरा दिवसांपलीकडे सुरू झाली, तर त्या औषधावर बोट ठेवणं अवघड होतं. अ‍ॅम्लोडिपीन चार वर्षं निर्धोक चाललेलं. काविळीचं झाडपाल्याचं औषध कावीळ दिसल्यावर सुरू झालेलं, म्हणजे मूळ कारण ते असू शकत नाही. आगीत तेल पडलं असेल म्हणून तेही बंद केलं. शेतातल्या फवारणीचं विचारलं: काकू फवारणीला जात नाहीत, आणि काढणीच्या वेळी फवारणी नव्हतीच.

औषधाने यकृताला इजा झाली का, हे ठरवायला रुकॅम नावाची गुणपद्धती वापरतात. सुरुवातीपासून लक्षणांपर्यंतचे दिवस, थांबवल्यावर आकडे किती वेगाने उतरले, दुसरी कारणं किती वगळली गेली, आधी अशा नोंदी आहेत का, याला गुण देतात. काकूंचे गुण ७ झाले. ६ ते ८ म्हणजे 'संभाव्य'. त्याहून वरची पायरी गाठायला बहुधा तेच औषध पुन्हा देऊन पाहावं लागतं, आणि ते कुणी करू नये.

हळकुंडातलं काय बाटलीत गेलं

यजमानांनी मला जो प्रश्न विचारला तो जसाच्या तसा देतो. "डॉक्टर, माझा आज्जा, बाप, आमी, सगळी हळदीतच मोठी झालो. तापाला हळद, जखमेला हळद, घसा बसला की हळद-दूध. आमच्यात कुणाला कावीळ झाली न्हाई. मग हळदीनं कशी हुईल?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं हळद साठवली गेली. मार्केट यार्डातल्या सौद्यांकडे देशभरातल्या व्यापाऱ्यांचं लक्ष असतं. हळदीच्या औषधी उपयोगावर परक्यांनी हक्क सांगितला तेव्हा देश न्यायासाठी उभा राहिला: जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुराव्यात ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. अशा पिकावर संशय घ्यायचा तर तो नीट मांडूनच घेतला पाहिजे. म्हणून मी कागद पुढे ओढला आणि गणित केलं.

वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं मिळून, म्हणजे कर्क्युमिनॉइड्स, साधारण ३ ते ५ टक्के असतात. बाकी पिष्ट, तंतू, तेलं, पाणी. आयुर्वेदिक फार्माकोपियात हळदीच्या चूर्णाची मात्रा दिवसाला १ ते ३ ग्रॅम दिली आहे. ३ टक्क्यांनी धरलं तर तीन ग्रॅममध्ये ९० मिलिग्रॅम. काकू दिवसाला दोन कॅप्सूल घेत होत्या; ९५ टक्के अर्काच्या त्या हजार मिलिग्रॅममध्ये ९५० मिलिग्रॅम. तेवढं मिळवायला ३२ ग्रॅम हळद रोज खावी लागेल, सपाट भरलेले दहा-अकरा चमचे. चार पिढ्यांत या घरात कुणी एका दिवसात एवढी हळद खाल्ली नसेल, आणि अडीच महिने रोज तर नाहीच. कर्क्युमिन अन्नातला रंग म्हणून वापरताना जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने घातलेली मर्यादा किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅमपर्यंत आहे. ६१ किलोला १८३. काकूंची मात्रा त्याच्या पाचपट होती.

आणि हे मिरीशिवाय. कर्क्युमिनचा स्वभाव असा की पोटातून ते फारसं रक्तात जातच नाही. जे जातं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच ग्लुक्युरोनाइड नावाचा रेणू जोडून बाहेरची वाट दाखवतात. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते मोजता येईल न येईल एवढंच सापडलं. त्याच्याबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. अशा बाटल्यांवर 'वीसपट शोषण' असं लिहितात, ते हेच. तिथे एक बारकावा आहे: अगदी थोड्याचे वीसपट म्हणजेही फार नसतं. पण पायपरीन हे शोषणाला हात देणारं निरुपद्रवी मीठमिरची नव्हे. यकृत ज्या विकरांनी (एन्झाइम्सनी) बाहेरची द्रव्यं निकामी करतं, त्या विकरांनाच ते अडवतं. फेनिटॉइन, प्रोप्रानोलॉल, थिओफिलीन या औषधांची रक्तातली पातळी त्याने वाढते. आपल्याच देशात रिफाम्पिसिनची मात्रा कमी करता यावी म्हणून क्षयरोगाच्या गोळीत पायपरीन घातलं गेलं, इतका त्याचा परिणाम खरा आहे.

मात्रेच्या बाबतीत मात्र प्रामाणिक राहिलं पाहिजे. दिवसाला १० मिलिग्रॅम पायपरीन म्हणजे चार-पाच मिरे. रश्शात त्याहून जास्त पडतात. निव्वळ मिरीकडे बोट दाखवून चालणार नाही. ९५० मिलिग्रॅम कर्क्युमिन आणि त्याची विल्हेवाट मंदावणारं द्रव्य एकाच घोटात, रोज, खंड न पाडता: या जोडीला आपल्या स्वयंपाकघरात पूर्वपीठिका नाही.

आयुर्वेदाचं नाव घेऊन हे विकलं जातं म्हणून एक आठवण द्यायला हवी. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या पहिल्याच अध्यायात तीन द्रव्यं अति वापरू नयेत असं सांगितलंय: पिंपळी, क्षार आणि मीठ. पिंपळीत पायपरीनच असतं. पिंपळी औषध म्हणून थोर आहे, त्रिकटूत आहे, रसायन म्हणून चढत्या-उतरत्या मात्रेत द्यायचा विधीही आहे. पण मात्रा, काळ आणि देणारा वैद्य ठरलेला. माझ्या ओळखीतले चांगले वैद्य हळद देताना रुग्णाची भूक, कोठा, ऋतू विचारतात आणि काही आठवड्यांनी थांबवतात. बाटलीने यातलं काहीच विचारलं नव्हतं.

इतर ठिकाणच्या नोंदी

अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांचा मागोवा घेणाऱ्या जाळ्याने २००४ ते २०२२ या काळातले हळदीशी जोडलेले १० रुग्ण प्रसिद्ध केले. सगळे २०११ पासूनचे, त्यातले सहा २०१७ पासूनचे. आठ बायका. नऊ जणांत पेशींनाच इजा. पाच जण दाखल करावे लागले, एक दगावला. तपासायला मिळालेल्या सातही उत्पादनांत हळद होती आणि त्यांतल्या तीन उत्पादनांत पायपरीन. दहापैकी सात जणांत एचएलए-बी*३५:०१ ही जनुकीय खूण सापडली. ग्रीन टीच्या अर्काने यकृताला इजा होणाऱ्यांतही तीच खूण जास्त दिसते. इटलीतही असे रुग्ण सापडले आणि तिथल्या आरोग्य खात्याने इशारे छापायला लावले. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये जाहीर सावधगिरी दिली, त्यांच्याकडे १८ नोंदी होत्या.

जगभरात किती लाख लोक या कॅप्सूल घेतात ते पाहता हे आकडे लहान आहेत, आणि ते तसेच सांगितले पाहिजेत. बहुतेकांना काही होत नाही. ती जनुकीय खूण असलेल्यांतही बहुतेकांना होत नाही. पण ज्याला होतं त्याला आधी ओळखायची सोय नाही. काकूंची ती तपासणी आम्ही केली नाही. उपचार त्याने बदलणार नव्हता आणि खर्च घरच्यांनी सोसायचा होता.

"मग भेसळ असेल," लेक फोनवर म्हणाली. तिच्या आवाजात अपराधीपणा होता, आणि भेसळ निघाली असती तर तिला बरं वाटलं असतं. शंका रास्त आहे. हळदीला पिवळाजर्द रंग यावा म्हणून लेड क्रोमेट हे शिसं असलेलं रसायन मिसळण्याचे प्रकार बांगलादेशात आणि आपल्या देशाच्या काही भागांत उघड झाले आहेत. पण शिशाने होणारं दुखणं वेगळं: पोटात कळा, पंडुरोग, नसांवर परिणाम, एसजीपीटी हजारावर नेणारी कावीळ नव्हे. सांधेदुखीच्या चूर्णांत कधी स्टेरॉइड, कधी वेदनाशामक गुपचूप मिसळलेलं सापडतं, ती शक्यता मात्र या प्रकरणात प्रयोगशाळेतून तपासली गेली नाही, आणि हा या अभ्यासातला कच्चा दुवा आहे. त्याविरुद्ध एक गोष्ट आहे. यजमानांनी त्याच बाटल्यांतल्या तेवढ्याच कॅप्सूल तेवढेच दिवस घेतल्या होत्या. त्यांचं रक्त तपासलं: एसजीपीटी २८. बाटलीत यकृताचं उघड विष असतं तर ते एकाच ताटात जेवणाऱ्या दोघांत असा भेद करण्याची शक्यता कमी. आपल्या प्रतिकारशक्तीने एखाद्या द्रव्याला शत्रू मानणं हे मात्र माणसागणिक बदलतं, आणि हे चित्र त्याच्याशी जुळतं.

पुढे काय झालं

उपचार म्हणजे मुख्यतः कॅप्सूल थांबवणं आणि डोळ्यांत तेल घालून पाहणं. स्टेरॉइड दिलं नाही. पहिले चार दिवस बिलिरुबिन चढतच राहिलं, ११.२ पर्यंत, घरचे घाबरले. इजा थांबल्यावरही साचलेला रंग उतरायला वेळ लागतो हे रोज समजावलं. आयएनआर १.३ च्या वर गेला नाही, हे त्या दिवसांतलं सगळ्यात मोठं समाधान होतं. पाचव्या दिवशी घरी सोडलं. एसजीपीटी आठवड्याने ७०२, तीन आठवड्यांनी १९०, आठ आठवड्यांनी ३६. बायॉप्सीचं बोलणं झालं होतं. आकडे सरळ उतरत गेल्याने ती टाळली. एएनए पॉझिटिव्ह असल्याने सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं: यकृत नॉर्मल, आयजीजी नॉर्मल. स्वप्रतिकाराचा मूळ आजार असता तर उपचाराविना एवढा काळ शांत राहिला नसता.

भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे आम्ही या प्रकरणाची नोंद पाठवली. हर्बल आणि पूरक पदार्थांच्या नोंदीही तिथे घेतात, आणि रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फोन करून सांगू शकतात. आयुर्वेदिक औषधांसाठी आयुष मंत्रालयाची वेगळी यंत्रणा २०१८ पासून आहे. या कॅप्सूलला अन्नाचा परवाना असल्याने ती या दोहोंच्या मधल्या पट्टीत पडते, आणि अशाच वस्तूंच्या नोंदी सगळ्यात कमी होतात. म्हणून फोन करावा. बाटलीवरचं नाव, बॅच क्रमांक, सुरू केल्याची तारीख एवढं हाताशी असलं तरी पुरतं.

काकूंचा प्रश्न व्यवहाराचा होता: आमटीत हळद घालायची की नाही? आकडे नॉर्मल झाल्यावर घाला, म्हणून सांगितलं. नेहमीची अर्धा चमचा, पाच माणसांच्या स्वयंपाकात. जगभरातल्या नोंदी जवळजवळ सगळ्या कॅप्सूल आणि अर्कांच्या आहेत. कर्क्युमिनची कॅप्सूल, सॅशे, 'जादा शोषण' लिहिलेलं काहीही पुन्हा कधी नाही, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, म्हणजे पुढचा डॉक्टर ते वाचेल. गुळवेल आणि ग्रीन टीचा अर्कही त्याच ओळीत घातला. आता सहा महिने झाले, घरची हळद जेवणात आहे आणि रक्ताचे आकडे हलले नाहीत.

यजमानांची काळजी निराळीच होती. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राची फुले स्वरूपा लावायचा त्यांचा विचार होता, कारण तिच्यात कर्क्युमिन जास्त आणि अर्क काढणारे कारखाने त्यावर भाव देतात. "ती खाणाऱ्याला बाधंल का?" पुन्हा कागद घेतला. अर्धा चमचा म्हणजे दीड ग्रॅम. ३ टक्क्यांची हळद असेल तर ४५ मिलिग्रॅम, ५ टक्क्यांची असेल तर ७५, आणि तेही पाच ताटांत वाटलेलं. फरक भावात पडेल, यकृतात नाही. त्यांनी यंदा दोन एकरांवर तीच लावली आहे.

गुडघ्यांसाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, मांडी घालून बसणं बंद, खुरपणीला बसायला लाकडी पाट, आणि फार दुखलं तर वरून लावायचं मलम. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम काकू सकाळी नेमाने करतात. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. कॅप्सूल घेताना जेवढा आराम होता तेवढा अजून नाही, असं त्या स्पष्ट सांगतात. मागच्या भेटीत त्यांनी पिशवीतून शेजारच्या दोन बायकांच्या बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. एक कर्क्युमिनचीच होती, दुसरी गार्सिनियाच्या अर्काची, वजन कमी करण्यासाठी. दोघींनाही रक्त तपासायला बोलावलं आहे, आणि त्यातल्या एकीला फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असल्याचं कळल्यावर तिची कर्क्युमिनची बाटली त्याच दिवशी फोन करून थांबवली.